मालकांची यॉट आणि एक थेंब

आमच्या घरमालकांचा शेवगा जहाजाच्या पाण्यावर वाढला. त्या झाडाच्या शेंगा मी आमटीत घातल्यात, शेजारणींना वाटल्यात, तेव्हा हे खोटं आहे असं मला कुणी सांगायला येऊ नये. कोल्हापूर कुठं आणि समुद्र कुठं! मधे अख्खा सह्याद्री आडवा. पण उचगावात, आमच्या खोल्यांसमोर, मालकांच्या आवारात रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर एक खरंखुरं जहाज उभं होतं. पांढरं, पोटाला निळा पट्टा, वर चढायला लोखंडी शिडी. आम्ही जहाज म्हणायचो, पोरंटोरं बोट म्हणायची आणि मालक दोन्ही खोडून काढायचे. "यॉट म्हणा. मोटार यॉट हाय ती."

ती आली तेव्हा आम्ही तिथं नवे भाडेकरू होतो. नव्वदनंतरचे दिवस, गल्लीत केबल नुकती लागलेली. मालकांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची मिळून फौंड्री होती, पंपांचे बिडाचे भाग ओतायचे. त्याच कामासाठी मालक रत्नागिरीकडं गेले. लोक कोकणातून येताना आंबे आणतात, फणस आणतात. आमचे मालक खाडीच्या चिखलात रुतून पडलेली कुणा हौशी माणसाची जुनी यॉट ट्रकवर घालून घेऊन आले. घाटात तिच्यामागं गाड्यांची ही रांग लागली, आणि एस.टी.तल्या बायकांनी खाली उतरून तिला हळदकुंकू लावलं म्हणे. उचगावात शिरताना विजेच्या तारा बांबूनं उचलून धरायला अर्धं गाव धावलं. एक बांबू माझ्या नवऱ्याच्या हातात होता, आणि त्या दिवशी हा माणूस जसा हसत होता तसा आमच्या लग्नातसुद्धा हसला नव्हता.

थोरले मालक फाटकात उभे होते. त्यांनी एकदा पुढून बघितलं, एकदा मागून बघितलं आणि धाकट्या भावाला विचारलं, "हे भंगार किलोवर आणलंस का नगावर?"

मालक ट्रकवर चढले, जहाजाच्या पत्र्यावर हात ठेवला आणि एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं म्हणाले, "काय म्हणतंय?"

ही त्यांची सवय. कुठलंही यंत्र असो, पहिल्यांदा हात ठेवायचा आणि विचारायचं. मग कान लावायचा. मग वास घ्यायचा. आणि पाना अगदी शेवटी. पाना उचलायच्या आधी चहा झालाच पाहिजे. उपड्या डब्यावर बसून, बशीत ओतून, सावकाश. समोर इंजिन धूर ओकत असलं तरी हा माणूस बशीवर फुंकर मारत बसलेला. चहा संपला की एकच प्रश्न: "शेवटचं काय बदललं?"

म्हणायचे, यंत्र आपणहून रुसत नाही. काल चालत होतं, आज चालत नाही, तर मधे कुणीतरी काहीतरी केलंय. ते शोधा. आणि हे त्यांचं फक्त इंजिनापुरतं नव्हतं बरं का. आमच्या शेजारणीची म्हैस दूध चोरायला लागली. डॉक्टर झाला, अंगारा झाला. मालक गोठ्यात गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, चहा घेतला आणि शेजारणीला विचारलं, शेवटचं काय बदललं? ती म्हणाली, काही नाही. जरा खोदल्यावर निघालं की तिच्या लेकीनं मुंबईहून वासाचा साबण आणून दिलाय आणि बाई त्यानं अंघोळ करून धारेला बसतेय. म्हशीनं ओळखच दिली नव्हती. साबण बदलला, दूध आलं. तेव्हापासून गल्लीत सासू-सून भांडल्या तरी कुणीतरी हळूच म्हणायचं, मालकांना बोलवा, शेवटचं काय बदललं ते बघू या.

मालक जैन. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, आणि पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या अक्का म्हणायचो. त्या कागवाडकडच्या, बोलण्यात कानडी हेल. रोज सकाळी हौदावर उभ्या राहून अक्का जाड दुहेरी फडक्यातून घागरी भरायच्या. फडकं इतकं जाड की डोळ्यासमोर धरलं तर पलीकडचा सूर्य दिसू नये. आणि गाळून झालं की फडकं झटकून टाकायचं नाही. उलटं करायचं, वरून गाळलेलं पाणी ओतायचं, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव जिथलं पाणी तिथंच परत सोडायचे. त्याला ते लोक जिवाणी म्हणायचे. अक्कांचं हे बघून बघून मला पाठ झालं होतं.

तर यॉटचा दिनक्रम सांगते. सकाळी देवदर्शन करून मालक आवारात यायचे. चपला शिडीखाली. कलेक्टर आला तरी चपला शिडीखाली, असा नियम. मग बॅटऱ्यांचं पाणी, इंजिनाचं तेल, पट्टे. इंजिन जमिनीवर चालवायचं तर त्याला गार करायला पाणी पाहिजे, म्हणून शेजारी एक बॅरल, त्यात नळी सोडलेली. आणि त्या बॅरलमधलं पाणीही गाळलेलंच. इंजिन आत घेतं आणि तापवतं, मग त्यात जीव शिजायला नकोत, असा त्यांचा हिशोब. त्यानंतर एक बादली पाणी ते मुद्दाम जहाजाच्या तळात ओतायचे. का? तर तळात पाणी साचलं की तो उपसायचा पंप आपोआप सुरू होतो का, हे बघायला. पंप गुरगुरायचा, पोटातल्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडायची ती थेट शेवग्याच्या आळ्यात. असा तो शेवगा वाढला. नांगरसुद्धा वाया गेला नव्हता. तो आवाराच्या कोपऱ्यात रोवून अक्कांनी त्याला गाय बांधली होती. आणि सूर्य कलला की भोंगा. भोंगा वाजतो का हे बघायलाच वाजवायचा, पण गल्लीत सगळ्यांना कळायचं, मालक जेवायला बसले, आता दिवे लावा.

पाहुण्यांना मात्र भोंग्यापेक्षा, इंजिनापेक्षा त्या जहाजातला हातपंपाचा संडास बघायची हौस. वर चढून, आत डोकावून, दांडा एकदा वरखाली करून खाली उतरायचे आणि म्हणायचे, व्यवस्था हाय की!

एकच गोष्ट जमिनीवर तपासता यायची नाही, आणि मालकांचा जीव नेमका तिथं अडकलेला. इंजिनाचा दांडा तळातून बाहेर जातो आणि मागं पंख्याला मिळतो. दांडा फिरायचा तर भोक पाहिजे, आणि भोक म्हटलं की पाणी आत येणार. म्हणून तिथं दोरी ठासून भरतात. कोकणातल्या म्हाताऱ्या खलाशानं त्यांना दोरीला चरबी लावा म्हणून सांगितलं होतं, यांनी मेण आणि एरंडेल लावलं. पण खलाशाचं दुसरं सांगणं त्यांनी काळजावर कोरून घेतलं होतं. दोरी फार आवळायची नाही. थेंब थेंब पाणी आत आलं पाहिजे, त्यावर दांडा गार राहतो. कोरडा पडला की जळतो. आता जमिनीवर थेंब कुठून येणार? मालक रोज तिथं बोट लावायचे, कोरडं बोट बघायचे आणि वर यायचे. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी माझा नवरा मला म्हणत होता, रडू नको, लोक बघतायत. मालक मागं उभे होते. म्हणाले, "पडू दे थेंब. कोरडं ऱ्हायलं तर जळंल."

मी या जहाजात कशी शिरले ते सांगायचं राहिलंच. इंजिनामागं एक बोळकांडी होती, तिथं मालकांचा हात जायचा नाही. पैलवानी मनगट, तालमीतलं. एकदा आत नटावर पाना अडकला आणि निघेना. मी शिडीखाली धुणं वाळत घालत होते. वरून आवाज आला, "बाई, तुमचा हात बारीक हाय न्हवं?" मी म्हटलं, "घालतो की." आमच्याकडं बायकाही अशाच बोलतात, घालतो, येतो, जातो. चढले वर. चपला काढून. हात घातला, पाना काढला, आणि वर तो नट आवळूनही दिला. त्या दिवसापासून माझं नाव मिस्त्रीणबाई. कुठली नळी कुठून कुठं जाते, कुठला कॉक कशाचा, हे मला बोटांनी कळायला लागलं. मी शाळा चौथीत सोडलेली, पण अंधारात हात घालून डिझेलचा कॉक कुठला आणि पाण्याचा कुठला हे सांगायचे. मालक मुद्दाम डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे. बरोबर आलं की पोराला नोकरी लागल्यासारखे खूष.

पुढं भारनियमन सुरू झालं, तेव्हा तर यॉटचं सोनं झालं. वीज गेली की पोरं दहावीचा अभ्यास करायला केबिनमध्ये, बॅटरीच्या दिव्याखाली. आणि आम्ही बायका मिक्सर घेऊन शिडी चढायचो. मालक यॉटवरचा जनरेटर लावायचे आणि दारात उभे राहून एकेकीला विचारायचे, किती वॅटचा? आम्हाला काय ठाऊक. मग मिक्सर उलटा करून स्वतः वाचायचे. एकाच वेळी दोघींनी बटण दाबायचं नाही. आणि दुसरा नियम, यॉटवर कांदा-लसूण चालणार नाही. आता कोल्हापूरची बाई, उन्हाळ्याचे दिवस, वर्षाची चटणी करायची, आणि लसूण नाही? एकीनं तिळकुटाच्या डब्यात खाली लसूण दडवून नेला आणि गपचूप फिरवला. मालक खाली इंजिनाजवळ होते. तिथून नाक वर करून म्हणाले, "तिसऱ्या प्लगवर लसूण हाय." आम्ही हसून हसून शिडीवरून पडायच्या बाकी. नाकानं बिघाड शोधणाऱ्या माणसापासून लसूण लपवायचा, म्हणजे बघा.

पण थोरल्या मालकांना यातलं काही गोड लागत नव्हतं. त्यांचंही चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. फौंड्री वाढत होती, साचे ठेवायला जागा नव्हती, आणि मधोमध हे धूड. इतक्या वर्षांत ते एकदाही शिडी चढले नाहीत. येता-जाता म्हणायचे, भट्टीत घातलं तर महिनाभर पुरंल. एका दिवाळीत सगळी जेवायला बसलेली असताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सरळ सांगितलं. हे पाण्यावर चालत असंल तर एकदा चालवून दाखव. नदीच्या या काठावरनं त्या काठाला जायचं आणि परत यायचं, दिवस मावळायच्या आत. आलास तर जन्मात त्याचं नाव काढणार न्हाय. न्हाय आलास तर तिथंच काठावर गॅस-कटर लावतो.

सगळ्यांना वाटलं मालक चिडतील. मालक म्हणाले, "बरगे पडले काय हो बंधाऱ्याला?"

नदीवरच्या आमच्या कोल्हापुरी बंधाऱ्याला पावसाळा संपला की लाकडी फळ्या घालतात, त्यांना बरगे म्हणतात. बरगे पडले की मागं पाण्याचा भला मोठा फुगवटा होतो, जहाज तरंगेल एवढा. बरगे पडले होते.

मग काय सांगू, आवारात लग्नघर झालं! रंग झाला, पंखा घासला, दोरी नवी भरली. मी दिवसभर इंजिनामागं. माझ्या नवऱ्यानं रजा काढली, ती बांधायच्या दोरांना पीळ घालायला. एका गोष्टीनं मात्र मालकांची झोप उडाली. बॅरलमधलं पाणी गाळता येतं, नदी कशी गाळणार? इंजिन नदीचं पाणी तळाच्या जाळीतून ओढणार, आणि त्यात जेवढं म्हणून जिवंत असेल तेवढं आत जाऊन शिजणार. मालक विचार करत राहिले आणि शेवटच्या दिवशी जहाजाखाली आडवे होऊन त्यांनी त्या जाळीवर बाहेरून फडकं बांधलं. अक्कांचं पाणी गाळायचं कोरं, जाड, दुहेरी फडकं, सुतळीनं गच्च आवळून. खाली निजलेल्या मालकांचा चेहरा मी बघितला. प्रश्न सुटला होता, आता त्यांना कशाची फिकीर नव्हती.

नदीवर अख्खं उचगाव होतं. हलगी होती, कैताळ होतं. क्रेननं यॉट उचलली तशा बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. आणि काठावर एका बाजूला थोरल्या मालकांचा टेंपो उभा, त्यात गॅसच्या टाक्या आणि कटर. लपवलंही नव्हतं. लोक यॉटकडं बघायचे आणि मग मान वळवून टेंपोकडं बघायचे.

जहाज पाण्यात टेकलं. काठाचा सगळा गाळ ढवळून वर आला. मालक आत उडी मारून गेले ते थेट तळाशी. मीही मागोमाग. आम्ही दोघं दांड्याजवळ पालथे पडून बघतोय. काही नाही. काही नाही. आणि मग दोरीच्या कडेला पाणी जमलं, फुगलं, आणि टपकन् पडलं. मालकांनी बोट लावलं. ओलं बोट मला दाखवलं, स्वतःला दाखवलं, आणि केबिनमधून डोकं बाहेर काढून गावाला ओरडून सांगितलं, "थेंब पडला!" गावाला काय कळणार? पण हलगीवाल्यानं कडकडाट केला.

निघायच्या वेळी अक्का काठावर नारळ घेऊन उभ्या होत्या. जहाज आणल्यापासून त्या एकदाही बसणार नाही म्हणाल्या होत्या, पाण्याला भ्यायच्या. नारळ फोडला, आणि काय मनात आलं कोण जाणे, चपला काढून, चहाचा थर्मास काखेत मारून फळीवरून सरळ आत आल्या. "मी बी येतो. तुमचं चहाशिवाय चालत न्हाय."

आणि निघालो! काय सांगू तुम्हाला. काठ मागं सरकायला लागला, माणसं लहान झाली, पुढं पाणी दोन्हीकडं दुभंगतंय, वारा तोंडावर. अक्कांनी एका हातानं माझा दंड धरलेला आणि दुसऱ्या हातानं पदर, आणि डोळे एवढे मोठे. मालक सुकाणू धरून उभे, आणि मी उष्णतेच्या काट्यावर नजर लावून. तेच माझं काम होतं.

नदीच्या मधोमध आलो आणि काटा हलला. चढायला लागला. मी म्हटलं, "मालक, तापालंय." ते म्हणाले, बघा नीट. बघते तर काटा तांबड्यात. खालून गरम रबराचा वास आला. मालकांनी इंजिन बंद केलं.

एकदम सगळं गप्प. आणि त्या गप्पपणात आम्हाला दुसरा आवाज ऐकू आला. खाली बंधाऱ्याच्या बरग्यांवरून पाण्याची पातळ चादर पलीकडं सांडत होती, तिचा. आम्ही हळूहळू तिकडं सरकत होतो. जोरात नाही, पण सरकत होतो. मी ओरडले, नांगर टाका! मालक पुढं धावले, आणि पुढच्या टोकाला उभे राहून परत माझ्याकडं बघायला लागले. नांगर घरी होता. त्याला गाय बांधलेली होती.

काठावरची हलगी थांबली. थोरले मालक टेंपोजवळून दोन पावलं पुढं आले, ते मला दिसलं.

आणि आमच्या मालकांनी काय करावं? उपडा डबा ओढला, त्यावर बसले, आणि बायकोला म्हणाले, "ओत."

माझा संताप संताप झाला. पण अक्कांनी थर्मास उघडला आणि टोपणात चहा ओतला. एक थेंबही सांडला नाही. मालकांनी फुंकर मारली, घोट घेतला. बंधारा जवळ येतोय, आणि हे घोट घेतायत. टोपण रिकामं झालं. मग त्यांनी इंजिनाकडं बघत, नेहमीच्याच आवाजात विचारलं, "शेवटचं काय बदललं?"

बोलल्या अक्का.

"माझं फडकं."

मालकांनी डोळे मिटले. त्यांना माझ्याआधी समजलं होतं, मला वाटतं इंजिन बंद करतानाच समजलं होतं. काठाला ढवळलेला गाळ त्या दुहेरी फडक्यावर बसला होता, आणि इंजिनाला पाणीच मिळत नव्हतं.

"गजानं फाडलं तर आत्ता सुटंल," मालक म्हणाले. "सुटंल, जाऊन येऊ, जिंकू. आणि मग ह्यो सगळा जीव आत जाऊन शिजंल, आणि मी वर बसून भोंगा वाजवायचा." ते उठले नाहीत. कोकणातून घाट चढवून आणलेलं जहाज हातातून चाललं होतं, भाऊ काठावर कटर घेऊन उभा होता, आणि ते डब्यावर बसून होते.

अक्का म्हणाल्या, "घरात माझं फडकं भरलं की मी काय करतो? फाडतो व्हय?"

"न्हाय."

"मग?"

"उलटं करून धुतीस."

"मग धुवा की. इथं बसून काय बघालाय?"

मालक असे उठले की डबा पाण्यात गेला! "टाकी!" एवढंच म्हणाले आणि मला कळलं. प्यायच्या पाण्याची टाकी. सकाळीच अक्कांनी घागरी घागरी गाळून भरलेली. तिचा पंप लावायचा, त्याची नळी काढायची आणि इंजिनाच्या पाण्याच्या नळीला उलटी जोडायची. आतून बाहेर पाणी मारायचं. फडकं आतून धुतलं जाईल, गाळ बाहेर, आणि त्यातले जीव ज्या नदीचे त्या नदीत. जिवाणी! अक्का रोज हौदावर करायच्या तेच, एवढ्या मोठ्या जहाजाला.

ती नळी इंजिनामागं. हात जाणार माझाच. इंजिन भाजत होतं. मी पदर हाताला गुंडाळला, खांद्यापर्यंत आत घातला आणि डोळे मिटून घेतले, मालक मिटायला लावायचे तसे. डिझेलचा कॉक, तो नव्हे. त्याच्या खाली पाण्याचा. त्याच्या शेजारी नळी आवळलेली पट्टी, पट्टीचा स्क्रू. सुटला. नळी निघाली, टाकीची नळी तिथं बसली, कोपर चर्रकन् भाजलं, मी सोडलं नाही. म्हटलं, "मारा!" मालकांनी पंपाचं बटण दाबलं.

अक्का कडेला ओणव्या होऊन पाण्यात बघत होत्या. पाण्याला भिणारी बाई, अर्धी बाहेर. "आलं," त्या म्हणाल्या. "तांबडं आलं... तांबडं आलं... निवळ आलं."

परत नळ्या जागच्या जागी. इंजिन सुरू. मी काट्याकडं बघतेय. काटा थरथरला आणि उतरला. उतरला! मालकांनी सुकाणू फिरवलं, बंधाऱ्याचे खांब इतके जवळ होते की त्यावरचं शेवाळ दिसत होतं, आणि यॉट वळली.

पुढची सगळी नदी आम्ही अशीच पार केली. थोडं जायचं, काटा चढला की थांबायचं, फडकं धुवायचं, परत थोडं जायचं. काठावर पहिल्यांदा हसले लोक. मग त्यांना ताल कळला. आम्ही थांबलो की हलगी थांबायची, इंजिन लागलं की हलगी लागायची. पलीकडच्या काठाला यॉटचं नाक टेकलं, आणि मालकांनी भोंगा असा वाजवला की तिथं म्हशी धूत बसलेला एक म्हातारा उठून उभाच राहिला.

"कुठलं पावणं?" त्यानं विचारलं.

"उचगावचं," मालक म्हणाले.

म्हाताऱ्यानं जहाजाकडं बघितलं, नदीकडं बघितलं. "रस्ता बंद हाय काय?"

परत येताना सुकाणू अक्कांच्या हातात होतं. मालकांनीच दिलं. सूर्य अजून हातभर वर होता. आम्ही काठाला लागलो तसं गाव पाण्यात शिरलं, कंबरेएवढं, हातानं जहाजाला शिवायला. माझा नवरा सगळ्यात पुढं, दोर घेऊन, अंगठ्यापासून केसापर्यंत भिजलेला. माझा भाजलेला हात बघून त्याचा चेहरा उतरला, आणि मी म्हटलं, "बघताय काय, बांधा दोर."

गर्दीतून वाट काढत थोरले मालक फळीपर्यंत आले. दोघं भाऊ समोरासमोर. मालक वरून म्हणाले, "या पावणं."

सख्ख्या भावाला पावणं म्हटलेलं थोरल्यांना झोंबलं असणार. पण ते उभे राहिले, एकदा टेंपोकडं बघितलं, ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून खूण केली. मग खाली वाकले आणि चपला काढल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आत आल्यावर त्यांनी सगळं बघितलं. दिवे, बॅटऱ्या, अक्कांची रिकामी टाकी. संडासाचा दांडाही एकदा वरखाली केला. शेवटी तळाशी उतरले, जिथं तो दांडा बाहेर जातो तिथं. मालक त्यांच्या मागं उभे. थोरले वाकून बघत राहिले. पन्नास वर्षं बिडाचे पंप ओतलेला माणूस, गळती बघितली की त्याचा हात आपोआप पान्याकडं जाणार.

"अरे, हे गळालंय की," ते म्हणाले. "आवळू काय?"

मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. यंत्रावर ठेवायचे तसा.

"न्हाय दादा," म्हणाले. "गळू दे."